सिंकेचा हात

"आज माझ्या स्वयंपाकघरात ये आणि मिरच्या कूट," बीबिक म्हणाल्या. "तुमच्या देशात कुटतात तशा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही आणि काही विचारायचं नाही."

त्यांचे घर आणि आमचे घर यांच्या मध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत, स्वयंपाकघराच्या बाजूस, एक दार होते. त्या दारात त्या उभ्या होत्या. घोट्यापर्यंत झगा, छातीवर ओळीने लावलेले तीन सोन्याचे काटे, अंबाड्यात खोचलेल्या सुया आणि गालात पान. सकाळच्या वेळी एवढा थाट त्या करीत नसत. मी तव्यावरची पोळी उलटली, ती भाजून होईपर्यंत त्यांना उभे ठेवले आणि मग विचारले,

"तुमची स्वयंपाकीण कुठे गेली?"

"विचारू नकोस म्हटलं ना. सिंके ती सिंकेच!"

ही लढाईपूर्वीची, मलाक्क्याची गोष्ट. आमचे डॉक्टर तिथल्या रुग्णालयात नोकरीस होते आणि आम्ही बीबिकांच्या शेजारघरात भाड्याने राहत होतो. बीबिक म्हणजे तिकडे वडीलधाऱ्या बाईस म्हणतात. त्या चिनी वंशाच्या खऱ्या, पण त्यांचे पूर्वज मलायात येऊन इतक्या पिढ्या उलटल्या होत्या की त्यांना चिनी भाषेचा गंध नव्हता. त्या मलायी बोलत, हाताने जेवत आणि पानाचा डबा आमच्या आजेसासूबाईंच्या डब्याहून मोठा बाळगीत. जो कोणी कालपरवा बोटीतून उतरला त्याला ही जुनी मंडळी 'सिंके' म्हणत. शब्द मूळचा चिनी. अर्थ 'नवा पाहुणा'. डॉक्टरांनी मला तो समजावून सांगितला तेव्हा मी म्हटले होते की, शब्द मलायी तोंडात आला आणि त्यातला पाहुणा निघून गेला, नवखेपणा तेवढा उरला. कोणी चिखलाचे पाय घेऊन ओटीवर चढला, कोणी कांजीत साखर मागितली, कोणाला मलायी बोलता येईना, की त्या म्हणत, सिंके. हा शब्द चिन्यांपुरताच. मी पेणच्या दिघ्यांची मुलगी आणि अलिबागच्या चौबळांची सून. माझा आणि चीन देशाचा संबंध काय? पण माझे नाव यमुना आहे हे मी बीबिकांना कितीदा सांगितले, तरी त्यांनी ते एकदाही घेतले नाही.

"येते," मी म्हटले. नाही म्हणता आले असते. पण 'तुमच्या देशात कुटतात तशा' हे त्यांनी ज्या सुरात म्हटले तो सूर मला झोंबला होता.

त्या झोंबण्यामागे एक कारण होते. त्या घरात रोज सकाळी दगडी खलात लाल मिरच्या आणि जवळ्याचा आंबवलेला गोळा कुटून चटणी होत असे. बीबिकांची एकुलती एक मुलगी लियान ती कुटी. भिंतीतून तो आवाज येई. दोन हलके घाव, एक भरदार, मग बत्ता कडेने फिरवून घेतलेला, पुन्हा दोन हलके. त्यात कधी चूक होत नसे. मी माझा पाटा-वरवंटा घरून नेला होता, त्यामुळे आमच्या घरातून कुटण्याचा आवाज तोवर कधी गेलाच नव्हता. बीबिक एकदा माझा पाटा पाहून म्हणाल्या होत्या, "बिचारी! आडवं दळते. कुटता येत नाही वाटतं यांच्याकडे." बिचारी हा शब्द त्यांनी माझ्यादेखत वापरला.

त्याच आठवड्यात मी बाजारातून दगडी खल आणविला. दुपारी बीबिक पत्ते खेळायला गल्लीतल्या दुसऱ्या घरी जात, तेव्हा मी दार लावून कुटू लागले. पहिल्याच दिवशी भिंतीवर टकटक झाली. मी थांबले. पुन्हा सुरू केले, पुन्हा टकटक. मी रागाने दार उघडले तर पलीकडे लियान तोंडावर हात धरून हसत उभी.

"काकापरी, तुम्ही मिरचीला मारताय," ती म्हणाली. 'काका' म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण, आणि 'परी' तिने आपल्या मनाने लावलेले. मी नऊवारी नेसून वाऱ्यासारखी फिरते म्हणून. "मारायचं नाही. बत्ता स्वतःच्या वजनाने पडू द्यायचा."

तेव्हापासून दुपारी ती शिकवी आणि मी शिके. आईला सांगू नकोस, एवढी अट मी घातली होती. एक दिवस बीबिकांना आपल्या हाताने कुटलेली चटणी पाठवून त्यांचे तोंड बंद करायचे, असा माझा बेत होता. लियान गोड मुलगी होती. चटणी झाली की ती दोन वाट्या भरी. एक लालभडक, घरासाठी. दुसरी फिकट, जवळजवळ मिरचीवाचून.

"ही कुणाला?" मी एकदा विचारले.

"दुकानात एंग हॉक आहे ना. त्याला तिखट सोसत नाही. सिंके आहे," ती म्हणाली, पण हा शब्द तिच्या तोंडी निराळा लागला.

एंग हॉक हा बीबिकांच्या मसाल्याच्या दुकानातला कारभारी. त्यांच्या यजमानांच्या मागे दुकान त्यानेच सावरले होते. तो मागच्या पायरीवर बसून जेवी, ताट स्वतः धुई आणि मान वर करून कोणाकडे पाहत नसे. लियानकडे तर मुळीच नाही. एवढे न पाहणे मला तेव्हाही जरा जास्तच वाटले होते.

आदल्या दुपारी लियान आली ती शिकवायला नव्हे. खलाशेजारी नुसती बसून राहिली.

"उद्या तान घरच्या थोरल्या बाई येणार आहेत," ती म्हणाली. "नातवासाठी. उद्या माझं काय ते ठरेल."

तान घराणे म्हणजे गावातले पहिले. "मग तोंड असं का? मुलगा वाईट आहे?"

"चांगला आहे म्हणतात."

"मग?"

"त्यांच्या सुना माहेरी येतात त्या सणाला, आणि तेही पालखीत बसवल्यासारख्या. आई इथे एकटी. देवघरात उदबत्ती कोण लावील?"

"तुझी आई काय म्हणते?"

"आई काहीच म्हणत नाही. आई नवे पडदे लावते आहे."

एवढ्या मोठ्या घराण्याचे स्थळ चालून आलेले आणि आई पडदे लावते आहे, तेव्हा आईच्या मनात काय असणार हे उघड होते. निदान मला तसे वाटले. मुलीची जात, चार दिवस रडेल आणि रुळेल, असेही मला वाटले. मी स्वतः तशीच रुळले होते. म्हणून सकाळी बीबिकांनी मला मिरच्या कुटायला बोलाविले तेव्हा मी इतकेच समजले की पाहुण्यांच्या जेवणाची गडबड आहे आणि त्यांना हात कमी पडतो आहे. आणि आपला हात दाखविण्याची वेळ आली.

मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हते. चूल थंड. भाज्या चिरलेल्या नाहीत, मासा नाही, काही नाही. फक्त मधोमध खल, मिरच्यांची टोपली आणि बसायला बुटके लाकडी आसन. स्वयंपाकच नाही तर चटणी कशासाठी? मी विचारणार होते, पण बीबिकांनी तोंडावर बोट ठेवले आणि बाहेरच्या दिवाणखान्याकडचे दार त्यांनी आपल्या हाताने सताड उघडून ठेवले. एरवी ते दार पाहुणे आले की बंद असे.

"लियान कुठे आहे?"

"वर आहे. खाली येणार नाही. बस."

"पण मग..."

"सिंके, बस!"

मी बसले. थोड्या वेळाने समोरच्या दाराशी गडबड झाली, मण्यांच्या चपला फरशीवर वाजल्या, बायकांचे आवाज आले, खुर्च्या सरकल्या. मग सगळे शांत झाले. पाहुणे आलेल्या घरी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चहाच्या पेल्यांचाही आवाज नाही. बीबिकांनी दारातून मला खूण केली. कूट.

मी पदर खोचला आणि बत्ता उचलला. तुमच्या देशात कुटतात तसे, असे त्या म्हणाल्या होत्या. आमच्या देशात हातात घेतलेले काम नीट करतात. मी मनगट सैल सोडले, बत्ता त्याच्या वजनाने पडू दिला. दोन हलके, एक भरदार, मग कडेने फिरवून. पहिल्या मिरच्या फुटल्या तशी मी बीबिकांकडे पाहिले. मला वाटले होते की त्यांचा चेहरा उतरेल आणि मग थोडा उजळेल. तो उतरला खरा. पण इतका, की मला त्यांना काही दुखते आहे असे वाटले. त्या हाताने मला काहीतरी खुणावू लागल्या. मी समजले, आणखी जोर हवा. मी जोर वाढविला. पण तोल सोडला नाही. मिरच्यांचा ठसका डोळ्यांत गेला, पाणी आले, तरी हात थांबला नाही. खरे सांगायचे तर इतके चांगले मी त्यापूर्वी कधी कुटले नव्हते.

दिवाणखान्यातून एक जाड, म्हातारा आवाज आला.

"पुरे! पुरे, बीबिक. याहून काय ऐकायचं? असा हात मी माझ्या सासूनंतर आज ऐकते आहे. मुलीला खाली बोलवा."

बाकीच्या बायका हसल्या. मला काही कळेना. म्हणजे पाहुणे ऐकत होते? मिरच्या कुटणे ऐकत होते? बीबिक आत आल्या आणि त्यांनी मधले दार ओढून घेतले. पानाचा लाल रस त्यांच्या ओठांच्या कडेला आला होता आणि त्यांनी तो पुसला नाही.

"हे काय केलंस तू?"

"तुम्ही सांगितलंत ते. बघा, बारीक झाली आहे की नाही."

"तुला हे शिकवलं कुणी?"

"कोणी का शिकवेना. वाईट झालं का?"

"वाईट!" त्या कुजबुजत्या आवाजात ओरडल्या. कुजबुजत ओरडता येते हे मी त्या दिवशी पाहिले. "वाईट झालं असतं तर मी तुझ्या घरी मिठाई पाठवली असती! मला वाईट हात हवा होता, मूर्ख बाई. खराखुरा वाईट हात. दीड वर्ष पाहते आहे तुला, आडवं दळत बसतेस. मला वाटलं, हिच्याइतकं वाईट या गावात कुणी कुटणार नाही!"

"म्हणजे पाहुण्या बाई..."

"कान द्यायला आली आहे ती. आमच्यात मुलीचं तोंड नंतर बघतात. आधी खल ऐकतात. हात कसा पडतो त्यावरून मुलगी कळते. घाई आहे का, राग आहे का, आळस आहे का. आवडलं की बोलणं ठरलं. नाही आवडलं की चहा पिऊन उठायचं, कुणी कुणाला काही म्हणायचं नाही."

माझे डोके फिरले. "पण स्थळ तर तुम्हांला हवं होतं."

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही पडदे लावलेत!"

"पाहुणे येणार म्हणजे पडदे लावायचे नाहीत? तुमच्याकडे फाटके लावतात?" त्या खाली, माझ्यासमोर, नुसत्या जमिनीवर बसल्या. एवढा भारी झगा घालून. "ही माझी एकच आहे. ती गेली की या घराचा उंबरा थंड. तान घराणं मुलगा घरजावई देईल? कधीच नाही. पण नकार मी कसा देऊ? माझा नवरा गेला तेव्हा ही म्हातारी शवपेटीमागून अनवाणी चालली होती, माझा हात धरून. तिला मी नाही म्हणू? नकार तिच्याकडून यायला हवा होता."

"मग लियानलाच वाईट कुटायला सांगायचं होतंत."

"तिचा हात घडलेला आहे. घडलेला हात मुद्दाम वाकडा केला की म्हातारीला लगेच ऐकू येईल. मग तो अपमान. मला न शिकलेला हात हवा होता. सिंकेचा."

"मला तसं सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तूही मुद्दामच केलं असतंस!"

तरी मी विचारले, "आणि लियान वाईट कुटते असं गावभर झालं असतं, तर तिला पुढे कोण घेतं?"

बीबिक माझ्याकडे पाहत राहिल्या, जणू काही मी अजूनही पाट्यावर आडवे दळत होते.

"खल मुलाची आई नाहीतर आजी ऐकते," त्या म्हणाल्या. "ज्याची आई समुद्रापलीकडे आहे, त्याच्यासाठी कोण ऐकणार?"

तेव्हा मला ती फिकट वाटी कळली. हातातला बत्ता मी खाली ठेवला.

"तिने आता बोलावलंय ना लियानला?"

"बोलावलंय. ती खाली आली की म्हातारी तिच्या केसात सुई खोचील आणि झालं. कान एकदाच देतात. दुसऱ्यांदा बसता येत नाही."

"आणि ज्याचा आवाज ऐकला तो हात मुलीचा नसला तर?"

"तर कान विटाळला. शुभ राहिलं नाही. पण तो कुणाचा होता हे सांगायला कोण..."

मी उठले. त्यांना विचारले नाही. विचारण्याची सवय मला तेव्हाही नव्हती.

दिवाणखान्यात तीन बायका होत्या. मधल्या उंच खुर्चीवर तानबाई. मी मनात त्यांना तानबाईच म्हटले, आणि आजही तेच म्हणते. वाळलेल्या सुंठेसारखा चेहरा, पण डोळे तीक्ष्ण. जिन्यावर लियान चहाचे तबक घेऊन अर्ध्यापर्यंत उतरली होती. तिने वरून सगळे ऐकले असणार. कारण तो हात कोणाचा हे त्या घरात तिच्याइतके कोणाला ठाऊक होते?

मी खोचलेला पदरही सोडला नव्हता. हात कोपरापर्यंत लाल.

"माफ करा, बाई," मी माझ्या मोडक्या मलायीत म्हटले. "माझ्या घरचा खल फुटला. म्हणून यांच्या स्वयंपाकघरात शिरून मी माझ्या मिरच्या कुटत होते. घरात पाहुणे आहेत हे मला माहीत नव्हतं."

माझा खल घरी धडधाकट होता. तानबाईंनी मला बोटाने जवळ बोलाविले. माझा हात हातात घेऊन त्यांनी तो नाकाशी नेला.

"तो हात तुझा?"

"माझा."

"लग्न झालेलं?"

"हो. डॉक्टरांची बायको."

त्यांनी माझा हात सोडला आणि आपली बोटे रुमालाला पुसली. मान वळवून त्यांनी माझ्या मागे, दारात, उभ्या असलेल्या बीबिकांकडे पाहिले.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या. पण सोबतच्या दोघींनी आपापल्या मांडीवरचे हात आवरून घेतले.

मी आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली; बोटींची, लढाईतल्या बातम्यांची, मुलांची. त्या क्षणाइतकी कसलीच नाही. बीबिकांनी खरे सांगितले तर त्या दोघींचा तीस वर्षांचा स्नेह तिथेच संपणार. त्या गप्प राहिल्या तरी तेच.

"सिंके!" बीबिक ओरडल्या.

माझ्या पाठीत कोणी काठी घातल्यासारखे झाले.

"कालची बोटीतून उतरलेली! अजून लुगड्याला खाऱ्या पाण्याचा वास आहे, आणि माझ्या खलाला हात लावते! माझ्या लेकीच्या दिवशी! उंदीर घरात शिरतो तोसुद्धा आधी कान टवकारतो. तुझ्या आईने तुला एवढंही शिकवलं नाही? का तुमच्या गावाला दारंच नाहीत?"

आईचे नाव आले तशी मी वळले. माझ्या आईविषयी मी कोणाचेही ऐकून घेतलेले नाही. तोंडाशी उत्तर आले होते, आणि मलायीत नव्हे, चांगल्या पेणच्या मराठीत. पण वळले तेव्हा जिन्यावरची लियान दिसली. तिने डोळे मिटून घेतले होते.

मी तोंड मिटले.

"बघते काय? गुडघे टेक. चहा दे. माफी माग!"

लियानने तबक आणले. मी देवापुढे आणि घरच्या थोरांपुढे सोडून कोणापुढे वाकले नव्हते. त्या थंड फरशीवर मी दोन्ही गुडघे टेकले. पेला हातात देताना लियानची बोटे माझ्या बोटांना लागली आणि तिथेच किंचित राहिली. मी पेला दोन्ही हातांनी पुढे केला. तानबाईंनी तो घेतला नाही. पेला गरम होता आणि मिरच्यांनी माझे हात आधीच पेटलेले होते. मी मान खाली घालून बसले. बायका कुजबुजल्या, त्यांतला एकच शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकू आला.

शेवटी पेला माझ्या हातातून उचलला गेला.

"सिंकेवर रागावून काय करायचं?" तानबाई म्हणाल्या. एक घोट घेतला. "तिला काय कळतंय. ऊठ, ऊठ." मग बीबिकांकडे वळून त्यांनी सुस्कारा टाकला. "कान विटाळला गं. मला आता इथे पुन्हा बसता यायचं नाही. तुझ्या लेकीचं कुठे लिहिलंय कोण जाणे."

"माझं नशीब," बीबिक म्हणाल्या आणि चक्क रडल्या. ते रडणे खरे होते की नव्हते, मला आजवर ठरविता आलेले नाही.

दोघी म्हाताऱ्या हात धरून दारापर्यंत गेल्या. जाता जाता तानबाई माझ्यापाशी थांबल्या आणि कोणास ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "हात चांगला आहे. घर चुकलं." त्यांना किती कळले होते? तेही मला ठाऊक नाही.

दार लागले. मी उभी राहिले. निदान आता तरी बीबिक माझे नाव घेतील, असे मला वाटले. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. खलातली चटणी बोटाने चाखली.

"मीठ कमी आहे," म्हणाल्या, आणि झगा बदलायला वर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या गल्लीत मी 'दुसऱ्याच्या घरात शिरून मिरच्या कुटणारी सिंके' झाले. मासळीवाली हसे. पत्त्यांच्या डावात माझी गोष्ट रोज नव्याने सांगितली जाई आणि सांगणाऱ्या बहुतेक वेळा बीबिकच असत. डाव आता त्यांच्याच घरी बसे, आणि भिंतीतून मला ऐकू येई. प्रत्येक वेळी मी अधिक मूर्ख होत असे. ही गोष्ट गल्लीत जितकी पक्की होईल तितका तान घराण्याचा मान राहणार होता, हे मला समजत होते. तरीही एकदा त्यांनी मी खलच उलटा धरला होता असे सांगितले, तेव्हा मी भिंतीवर वरवंटा आपटला. पलीकडे सगळ्या बायका आणखी मोठ्याने हसल्या.

डॉक्टरांच्या कानावर ते रुग्णालयात गेले. "यमू, तू कोणाच्या घरात शिरलीस म्हणे?" त्यांनी जेवताना विचारले.

"वरण थंड होतं आहे," मी म्हटले.

पावसाळा सरल्यावर बीबिकांनी लियानचे लग्न दुकानातल्या एंग हॉकशी ठरविल्याचे जाहीर केले. गाव हळहळले. एवढी चांगली मुलगी, आणि शेवटी सिंकेला द्यावी लागली. पण करणार काय, दिवसच असा बिघडला होता! तानबाईंनी स्वतः लग्नाचे रेशीम पाठविले.

लग्नाच्या आदल्या सकाळी मी मागच्या अंगणात तांदूळ निवडीत होते. एंग हॉक पायरीशी येऊन उभा राहिला. इतक्या दिवसांत तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्याचे मलायी माझ्याहूनही मोडके होते.

"थोरल्या बहिणी," तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"आमच्या गावी नवी सून चहा देते. गुडघे टेकून. इथे मी घरात येतो आहे, म्हणून मला द्यायचा आहे. बीबिकना. सगळे बघणार. मला येत नाही. कुणाला विचारू? तुम्ही दिला होता म्हणतात."

मी त्याच्याकडे नीट पाहिले. थट्टा असती तर मी सूप त्याच्या डोक्यात घातले असते. थट्टा नव्हती.

"तो शब्द म्हणाले तुम्हांला?" त्याने विचारले.

"म्हणाले."

"राग आला?"

"अजून आहे."

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिले. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता.

"गुडघे दुखतात का हो?"

"गुडघ्यांना काही होत नाही," मी म्हटले. आत जाऊन फुलपात्रात पाणी भरून आणले आणि त्याच्या हातात दिले. "दोन्ही हातांनी धर. अंगठे आत. टेक गुडघे. इथेच, पायरीवर."

त्याने इकडेतिकडे पाहिले. मग, नवी विजार घातलेली असूनही, तो माझ्यासमोर पायरीवर टेकला. पाणी हिंदकळले.

"हात स्थिर. ती लगेच घेणार नाही. मुद्दाम थांबेल. थांबू दे. वर बघायचं नाही."

"किती वेळ?"

"ती घेईपर्यंत."

तो फुलपात्र पुढे धरून राहिला. मीही घेतले नाही. त्याच्या मानेवर ऊन पडले होते. भिंतीपलीकडे बायका मोठमोठ्याने हसत, ओरडत लग्नाच्या मिठाया वळीत होत्या. त्याचे ओठ हलले. आपल्या भाषेत तो कोणाला तरी, आईलाच असावे, काहीतरी म्हणाला.

"मान आणखी खाली," मी म्हटले.

त्याने ती घातली. मग मी त्याच्या हातातून पाणी घेतले आणि सगळे प्याले.